घरात कोणीतरी हवं

माझा लेख प्रसिद्ध झाला त्या संध्याकाळी बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "छापलाय कुठे?"

"छापत नाहीत ते. इंटरनेटवरच असतो."

"म्हणजे कागद नाही?"

"नाही."

"मग पास झालीस हे कळणार कसं?"

मी तेव्हा घाटकोपरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे, मे महिन्यात काही नाही. एम.ए. झालं होतं, पीएच.डी. चालू होती. पण बाबांसाठी शिक्षण म्हणजे शेवटी एक कागद, जो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवता येतो. त्यांना हसू नका. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि माझी प्रत्येक मार्कशीट त्या गादीखाली आहे. मी हे मिरवते. ज्यांच्या घरी आजोबांपासूनच्या पदव्या भिंतीवर आहेत त्यांनी नाही मिरवलं तरी चालतं. मला चालत नाही.

तर ते नियतकालिक. परदेशातल्या एका विद्यापीठातून चालतं. त्यात नुसता लिहिलेला लेख घेतच नाहीत. आवाज हवा, चित्र हवं, आणि वाचणाऱ्याने बोटाने काहीतरी हलवायला हवं. तो जसं हलवेल तसा लेख उलगडत जातो. बाकी सगळं रीतसर. संदर्भ असतात, तळटीपा असतात, दोन तज्ज्ञ तपासून खोट काढतात. माझ्या लेखात त्यांनी पुष्कळ खोट काढली आणि मी ती पुष्कळ महिने दुरुस्त करत बसले.

लेख आमच्या खोलीवर होता. दिंडोशीच्या वसाहतीतली, तिसऱ्या मजल्यावरची, दहा बाय पंधराची. एका खोलीत राहणारी पाच माणसं दिवसभरात तिच्या किती खोल्या करतात, हा माझा विषय. पहाटे ती न्हाणीघर. सकाळी स्वयंपाकघर. दुपारी कारखाना, कारण आई साकीनाक्याच्या एका गाळ्यातून स्विचचे सुटे भाग आणायची आणि त्यांत स्क्रू बसवायची. संध्याकाळी शाळा, म्हणजे आजी कॉटवर बसून मालिका बघायची आणि कॉटखाली टेबललॅम्प घेऊन मी. भाऊ माळ्यावर. रात्री नुसत्या गाद्या. पान उघडलं की आधी आमच्या दाराच्या कडीचा आवाज येतो आणि मग खोली. खाली एक घड्याळ आहे. त्याचा काटा फिरवला की खोली बदलते. डब्यावर बोट ठेवलं, कॉटवर ठेवलं, मोरीच्या पडद्यावर ठेवलं, की त्या त्या वस्तूवरचा माझा मजकूर वर येतो, आणि कुठे कुठे आवाज. स्क्रू पत्र्याच्या ताटात पडतात तो आवाज परीक्षकांना फार आवडला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या खोलीचे फोटो काढणारा कॅमेरा चारी बाजूंचं एकदम टिपतो. समोरचं, मागचं, छताचं. त्यामुळे खोलीत कोणी थांबून चालत नाही. सगळ्यांनी बाहेर जायचं आणि मोबाइलवरून बटण दाबायचं. आईला आम्ही गॅलरीत स्टुलावर बसवलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक वेळची मांडामांड तिनेच बाहेरून ओरडून करून घेतली. "तो पिठाचा डबा तिथे नव्हता गं, ओट्याच्या डावीकडे!" "ताट उपडं काय ठेवलंस, स्क्रू आकाशात बसवायची काय मी?" आणि दर वेळी फोटो निघाला की म्हणायची, "माझ्याच घरातून मला बाहेर काढलंत." म्हणून त्या पानावर आमचं सगळं आहे, बादलीसकट. माणूस मात्र एकही नाही.

कॉलेजात अभिनंदन झालं. मग फाइलला लावायला प्रत मागितली. मी सांगितलं, प्रत नसते, त्यात आत जावं लागतं. कार्यालयातले म्हणाले, "मॅडम, आत जाऊन आम्ही काय करू? प्रत द्या." शेवटी स्क्रीनचे फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानात काळ्यापांढऱ्यात छापून आणले. आमची खोली एखाद्या गुन्ह्याच्या जागेच्या पंचनाम्यासारखी दिसत होती. तीच फाइलला लागली.

त्यानंतर मी "ती खोलीवाली" झाले. कुठे बोलवलं की खोलीवर बोला. मला शिकवायचं होतं कामगार चळवळींबद्दल, कापडगिरण्या बंद झाल्यावर उपनगरांत आलेल्या छोट्या कारखान्यांबद्दल. लोक म्हणायचे, हो हो, पण तुम्ही कॉटखाली नेमक्या कशा बसायचात ते दाखवा ना. नोकरीच्या एका मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी आपल्या लॅपटॉपवर ती खोली उघडून ठेवली होती आणि मी उत्तर देत असताना ते काटा फिरवत होते. मी त्या खोलीतून बाहेर पडायला शिकले, आणि शिकून झाल्यावर सगळ्यांना मी तिथेच हवी होते. त्या जागेवर दुसऱ्या कुणाला घेतलं. असो.

आता आई.

आईचे गुडघे गेले होते. गेले म्हणजे पुरतेच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आधी ती आठवड्यातून एकदा उतरायची, कठड्याला धरून, एकेक पायरी बसत. मग सणासुदीला. मग एका लग्नाला गेली ती शेवटची. त्यानंतर ती खाली आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी लिफ्टचं घर बघा. ऑपरेशन करून परत याच जिन्याला घालणार असाल तर उपयोग नाही. तेव्हा आईच म्हणाली होती, "बघ गो लिफ्टचा घर. भाड्याचा असला तरी चालात." आई चिडली किंवा तिच्या मनातलं ओठांवर आलं की मालवणीत शिरते, एरवी तिचं बोलणं आमच्या सगळ्यांसारखंच, मुंबईचं.

मी बोरीवलीला शोधायला लागले. त्याच दिवसांत समोरच्या खोलीतली मावशी बदलापूरला गेली. मुलाने तिकडे मोठं घर घेतलं. ही मावशी अकोल्याकडची, दारावर बाबासाहेबांचा फोटो आणि आमच्या दारावर गणपती, मधे चार फुटांची गॅलरी. या दोघी मी जन्मायच्या आधीपासूनच्या. आमच्या मजल्यावर दिवसा कुलूप लावत नसत. कोणी बाहेर निघाली की समोरचीला सांगायची, "येतेस का बसायला?" मग ती यायची आणि बसायची. काही करायचं नाही. दार उघडं, पंखा चालू, हातात निवडायची भाजी. दूधवाला आला तर दूध घ्यायचं, पाणी आलं तर पिंप भरायचं. घर रिकामं दिसायला नको, एवढंच. आई गावी गेली की मावशी दुपारी आमच्याकडे बसायची, मावशी दवाखान्यात असली की आई तिच्याकडे. मावशी गेली आणि तिच्या दाराला कुलूप लागलं. आई दिवसभर त्या कुलपासमोर.

बाबा दुपारी एका कारखान्यावर गेटवर असायचे, मी घाटकोपरला, भाऊ पुण्याला, आजी तोवर वारलेली. म्हणून मी माझा जुना फोन आईला दिला आणि लेखाचं पान उघडून दिलं. म्हटलं, बघ तुझी खोली.

तिने काटा फिरवला. पहाट केली, दुपार केली. स्क्रूचा आवाज ऐकला. "माझ्याहून हळू बसवतेय कोणतरी," म्हणाली. तिचंच रेकॉर्डिंग होतं ते. मग तिचं लक्ष वरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक हिरवा ठिपका असतो आणि एक आकडा.

"हे काय?"

"आत्ता किती जण बघतायत ते."

"आत्ता? या क्षणाला?"

"हो."

ही माझी कल्पना नव्हती. नियतकालिकाच्या मांडणी करणाऱ्यांनी तो ठिपका घातला होता. त्यांचं म्हणणं, वाचक एकटा नसतो हे त्याला कळायला हवं.

"चार आहेत," आई म्हणाली. मग मी बघते तर तिने पदर सारखा केला.

पहिले काही दिवस आम्ही हसलो. बाबा कामावरून आले की विचारायचे, "काय, आज कोण कोण येऊन गेलं?" आई सांगायची, दुपारी सहा होते, मग उतरले, चहाच्या वेळेला दोन. बाबा म्हणायचे, "चहाच्या वेळेला दोनच? तुझा चहा माहीत झालेला दिसतोय."

मग हसणं कमी झालं. आई पान बंद करेना. फोन भिंतीला टेकवून, चार्जर लावून, ओट्यावर ठेवलेला. आकडा मोठा असेल तर आई केर काढायची नाही, पाहुणा घरात असताना झाडू फिरवत नाहीत म्हणून. ती अडाणी नाही, हे नीट ऐका. तिला माहीत होतं की लोकांना दिसतो तो फोटो आहे, तिचा झाडू कोणाला दिसत नाही. मी एकदा हेच म्हटलं तर म्हणाली, "मला माहीत आहे गं. पण ती माणसं तर खरी आहेत ना? आत्ता आलेली आहेत ना?"

बोरीवलीचं घर मिळालं. दोन खोल्या, सातवा मजला, दोन लिफ्ट. मी फोटो दाखवले. आईने बघितले आणि म्हणाली, "बघू या."

"बघू या काय? तूच म्हणालीस ना?"

"तेव्हा म्हणाले."

"आता काय झालं?"

तिने ओट्यावरच्या फोनकडे हनुवटी केली. "घरात कोण नाय, आणि माणसां येतत. कोणीतरी असायला नको?"

मग मी तिला सरळ सांगितलं. "आई, तिथे खूपदा एकच आकडा असतो ना? तो एक म्हणजे तूच. तू पान उघडून बसतेस म्हणून तो एक दिसतो. दुसरं कोणी नसतं."

मला वाटलं, तिला लागेल. तिने जरा विचार केला.

"म्हणजे एक असला की मी. दोन झाले की पाहुणा."

"हो."

"मग बरोबरच आहे. मी घरात आहे म्हणून एक. मी बंद केलं तर कोणीच नाही. येणाऱ्याला काय दिसेल? शून्य?"

"येणाऱ्याला एक दिसेल. तो स्वतः."

"तेच म्हणते मी. तो येणार आणि त्याच्याशिवाय घरात कोणी नाही. असं कुणाच्या घरी गेलीयस तू कधी?"

बाबा दारात चपला काढत होते. म्हणाले, "वाट लागली. आता हिला खाली कोण उतरवणार?"

बोरीवलीच्या घरमालकाला होकार द्यायचा होता. ऑपरेशनची तारीख त्यावर होती. आमच्या खोलीत राहायला येणारे भाडोत्री ठरले होते. आणि माझी आई, जी तिसऱ्या मजल्यावरून एक पायरी उतरू शकत नव्हती, ती माझ्या लेखाने आणखी पक्की बांधून घातली होती. तिच्या घरात कुठकुठल्या देशांतून माणसं येत होती आणि जात होती, आणि तिला तेवढं बाहेर जाता येत नव्हतं. मी रागावले की ती शांत व्हायची. आणि ती शांत झाली की मला त्या खोलीत उभं राहायला जागा उरायची नाही. एवढीशी खोली, जाणार कुठे? लहानपणी भांडण झालं की मी कॉटखाली जायचे. आता तिथे मावत नाही.

मी संपादकबाईंना मेल लिहिला. त्या चांगल्या आहेत, मनापासून सांगते. माझ्या इंग्रजीवर कधी हसल्या नाहीत, उलट परीक्षकांशी माझ्या बाजूने भांडल्या होत्या. मी लिहिलं की तो आकडा काढता येईल का, निदान माझ्या लेखापुरता. कारणही सांगितलं, सगळं.

त्यांनी व्हिडिओवर बोलायला वेळ दिला. म्हणाल्या, एकदा प्रसिद्ध झालेला लेख आम्ही बदलत नाही. कागदावर छापलेला बदलता येतो का? तसंच हे. तुमच्या लेखाला कायमचा क्रमांक मिळालाय, लोकांनी त्याचा संदर्भ दिलाय, आकडा हा त्या लेखाचाच भाग आहे.

"मग लेख मागे घेतला तर?"

त्या दचकल्या. म्हणाल्या, मागे घेतात तो खोटा निघाला तर. मागे घेतलेल्या लेखावर लाल अक्षरांत तसं लिहिलेलं राहतं, तेही कायमचं. तुम्हाला ते हवंय का?

मला नको होतं. त्या खोलीतलं काहीही खोटं नव्हतं.

मग त्या जरा पुढे झुकल्या. "पण तुमच्या आईंचं हे वागणं... हे फार मोलाचं आहे. तुम्ही याच्यावर दुसरा लेख का नाही करत? त्या फोनसमोर बसल्यात, आकडा बदलतोय, असं चित्रीकरण. घर सोडायच्या आधी. एखाद-दोन महिने मिळाले तर आम्ही कॅमेऱ्याची सोय करू."

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. दुसरा लेख म्हणजे काय हे मला माहीत होतं. पुढच्या मुलाखतीत फाइल जाड. मी दोन दिवस ते डोक्यात घेऊन फिरले. वर्गात पोरं काहीतरी विचारायची आणि मी "काय?" म्हणायचे. मग घरी आले तर आई मोरीतून कॉटपर्यंत यायला कठडा नाही म्हणून पिंपाला, मग ओट्याला, मग कपाटाला धरत येत होती. दहा फूट. तेवढ्यात तिने एकदा दम घेतला आणि फोनकडे बघून घेतलं, कोण आलंय का. एवढं पुरे झालं. मी संपादकबाईंना लिहिलं, जमणार नाही. कारण दिलं नाही. सगळ्या गोष्टींची कारणं कशाला द्यायची?

हे जे लिहितेय तेही तिथे दिलं नाही. इथे कागदावर देते. इथे तुम्ही कितीजण आहात ते आईला दिसणार नाही.

बोरीवलीला मी होकार देऊन टाकला, आईला न विचारता. बाबा म्हणाले, उचलून नेऊ. आई म्हणाली, न्या. सामान बांधताना तिने सगळं सांगितलं, कुठल्या डब्यात काय, काय भंगारात द्यायचं. फक्त फोन आणि चार्जर बांधू दिला नाही.

जायच्या दिवशी टेम्पो खाली उभा. बाबा खाली सामान मोजत. दोन हमाल आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची वर, आईला खुर्चीत बसवून उतरवायचं ठरलेलं. खोली पूर्ण रिकामी. कॉट गेली तिथे लादी वेगळ्या रंगाची निघाली. आई त्या खुर्चीत बसलेली, मांडीवर फोन.

"चल आई."

"इथलं सगळं गेलं," ती म्हणाली. "इथे बघ." तिने फोन माझ्याकडे केला. त्यात कॉट होती, डबे होते, ताटात स्क्रू. कोपऱ्यात एक.

"आई, माणसं थांबलीत. टेम्पोवाला ओरडतोय."

"रिकामा घर टाकून खय जाऊ?"

"घर रिकामं नाही. उद्या भाडोत्री येतायत इथे."

"ते इकडे येतायत. ह्याच्यात कोण येतंय?"

"हा फोटो आहे आई! नुसता फोटो!"

"नुसता फोटो आहे तर तुला त्याच्यावर नोकरी कशी मिळणार होती?"

एक हमाल हसला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने जिन्याकडे बघितलं. मला रडायला येत होतं आणि त्या रिकाम्या खोलीत लपायला एक भांडंसुद्धा उरलं नव्हतं. फोन बंद केला असता तर? हिसकावून घेतला असता तर? ती उतरली असती, पण ती जन्मभर म्हणाली असती की मला घराबाहेर काढलं. आणि या वेळी ते खरं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी. आज आम्ही निघणार हे तिला माहीत होतं.

"निघाली का व?" तिचा आवाज स्पीकरवर सगळ्या खोलीत घुमला, सामान नसलं की घुमतो तसा.

"कसली निघते," आई म्हणाली. "घरात कोणी नाही."

आता हे वाक्य दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मावशीने कधीतरी मुलाच्या मोबाइलवर आमची खोली बघितलेली होती, आणि बघून आईला फोनही केला होता, "काहून गं, मोरीत अजून तीच फुटकी बादली?" पण मी म्हणते, बादली बघितली नसती तरी तिला कळलं असतं. तिने एवढंच विचारलं, "येऊ का बसायला?"

आईने फोन दोन्ही हातांत धरला.

"थांब, नातवाले सांगते लावून दे म्हणून." पलीकडे खुडबुड झाली, कोणीतरी "आज्जी, असं नाही, असं दाब" म्हणालं. आईने फोनवर बोलणं चालू ठेवून पान समोर आणलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. कोपऱ्यात एक. एक. मग दोन.

"आली गं," आई म्हणाली.

"आली ना. कुठं बसू?"

"कॉटवर बस. मोरीकडे नको, ओलं असेल."

"चहा कोण देईन?"

"तूच टाक. डबा ओट्यावर डावीकडे. साखर कमी घाल, तुला डॉक्टरने सांगितलंय."

"जा आता तू. मी बसते. मला इथं बदलापुरात काय काम आहे?"

दोघी हसत होत्या. पण आईचे डोळे हसत नव्हते, ती आकड्याकडे बघत होती. मग तिने पान बंद केलं, फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "उचला रे," ती हमालांना म्हणाली. "आणि पडलो तर सगळे पडू, मी एकटी नाही."

जिन्यावर वळणावळणाला ती सूचना देत होती, डावीकडे, भिंत सांभाळ, तुझी चप्पल तुटलीय बघ. खाली पोचल्यावर तिने तोंड वर करून ऊन घेतलं. ती एवढी गोरी झाली होती, मला घरात कधी कळलंच नाही.

आता ऑपरेशन होऊन गेलंय. आई काठी घेऊन चालते. बोरीवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खाली बाकडी आहेत, तिथे गुजराती बायका बसतात आणि आई त्यांच्यात बसते. त्यांची भाषा तिला येत नाही, तिची त्यांना, पण भांडण कशावरून झालं हे तिला संध्याकाळी तपशीलवार सांगता येतं. फोन ती वरच विसरून जाते. मी तिला फोन लावून खिडकीतून खाली बघते तर तो ओट्यावरच वाजत असतो.

मावशीला मी एकदा विचारलं, तुम्ही किती वेळ बसला होतात त्या दिवशी? ती म्हणाली, "बसली व, पोळ्या व्हायच्या होत्या, मग उठली."

मी अजून घाटकोपरलाच आहे, अजून तासांवर. परवा दोन तासांच्या मधे स्टाफरूममध्ये एकटीच होते. पेपर तपासायचे होते. लॅपटॉपवर आमची खोली उघडली, एका संदर्भाचं पान बघायचं होतं म्हणून. कडी वाजली. कोपऱ्यात एक. तो एक मी, हे मला माहीत होतं. काम झालं, बंद करायला बोट नेलं, आणि दोन झाले.

कोण असेल? कुठला तरी विद्यार्थी, कुठे तरी. काटा फिरवत असेल. कॉटखाली वाकून बघत असेल.

बाहेर घंटा झाली. पोरं वर्गात थांबली असणार. फोनवर आईचा मेसेज होता, तिने बाकड्यावरच्या कोणाकडून तरी पाठवलेला: येताना केळी आण. मी खुर्ची मागे सरकवली, पण उठले नाही. वर बघितलं. दोन. अजून दोन. पाहुणा घरात असताना उठायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.